जेम्सटाउनचा मेढेकोट

किल्ल्याचा नकाशा हा त्याच्या बांधणाऱ्यांच्या भयाचाच नकाशा असतो. ज्या बाजूस तट लांब, ज्या कोपऱ्यावर तोफा अधिक, ज्या दिशेस पहारा कडक, त्या बाजूने शत्रू येईल असे बांधणाऱ्यांस वाटत होते, एवढे तरी नकाशावरून निश्चित सांगता येते. मात्र शत्रू खरोखर कोणत्या बाजूने आला हे नकाशात दिसत नाही. ते इतिहासास विचारावे लागते. या दोन उत्तरांत कधी कधी फार मोठे अंतर पडते, आणि ते अंतर माणसांच्या प्राणांनी भरून निघते. अमेरिकेतील इंग्रजांची पहिली टिकाऊ वसाहत म्हणून जिचे नाव घेतले जाते, त्या जेम्सटाउनच्या कोटाची कथा अशीच आहे. १६०७ च्या जून महिन्यात तो उभा राहिला. पुढील तीन वर्षांत त्याच्या तटावर चढून कोणत्याही शत्रूने तो जिंकला नाही. तथापि त्याच तीन वर्षांत त्याच्या आत राहणाऱ्यांपैकी बहुतेक माणसे मेली. हे कसे घडले, हे त्या कोटाच्या रचनेवरूनच पाहण्याचा आमचा विचार आहे.

पहिल्या जेम्स राजाने एप्रिल १६०६ मध्ये व्हर्जिनिया कंपनीस सनद दिली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तीन लहान गलबते लंडनहून निघाली. त्यांवर वसाहतीसाठी जाणारे पुरुष व मुलगे मिळून १०४ जण होते. स्त्री एकही नव्हती. कंपनीच्या संचालकांनी त्यांच्याबरोबर लेखी सूचना दिल्या होत्या, आणि त्या आज वाचताना त्यांतील दूरदृष्टीचे आश्चर्य वाटते. नदीतून शक्य तितके आत जावे, म्हणजे समुद्रावरून येणाऱ्या शत्रूस आपला ठाव सहज लागणार नाही. आपण आणि समुद्रकिनारा यांच्यामध्ये तेथील लोकांची वस्ती राहू देऊ नये. रहिवाशांस दुखवू नये. आणि सखल किंवा ओलसर जागी मुळीच वस्ती करू नये, कारण ती आरोग्यास बाधक ठरेल. जागेची हवा कशी आहे हे तेथे राहणाऱ्या माणसांच्या डोळ्यांवरून व पोटापायांवरून ओळखावे, येथपर्यंत तपशील त्यांत होता.

जागा निवडताना यांपैकी शेवटची सूचना मोडली गेली. जेम्स नदीच्या उत्तर काठास एक भूशिर होते. मुख्य भूमीशी ते पश्चिमेकडील एका अरुंद पट्टीनेच जोडलेले होते, त्यामुळे जमिनीवरून येण्याची वाट एकच आणि राखण्यास सोपी. नदीचा खोल प्रवाह तेथे काठाला इतका लागून वाहत होता की सहा वाव पाण्यात उभी असलेली गलबते काठावरील झाडांनाच बांधता येत. सैनिकाच्या दृष्टीने यापेक्षा सोयीची जागा सापडणे कठीण होते. परंतु तीच जागा सखल होती, दलदलीने वेढलेली होती, आणि तेथे गोड्या पाण्याचा झरा नव्हता. ती पास्पाहेग नावाच्या जमातीच्या मुलखात होती. तरी त्या भूशिरावर कोणी घर बांधून राहत नव्हते, याचा अर्थ नवागतांनी शोधला नाही. १४ मे १६०७ रोजी, म्हणजे तेव्हाच्या जुन्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे, ते तेथे उतरले. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, हा नियम आमच्या आज्ञापत्रकारांनी मोठ्या आग्रहाने सांगितला आहे. जेम्स नदीच्या काठी उतरलेल्यांनी तोफांच्या आधी पाण्याचा विचार केला असता, तर ते बहुधा पुढे गेले असते.

प्रारंभी कोट असा बांधलाच नाही. वसाहतीचा पहिला अध्यक्ष एडवर्ड मारिया विंगफील्ड याने झाडांच्या फांद्या अर्धचंद्राकार रचण्यापलीकडे तटबंदी होऊ दिली नाही. रहिवाशांस दुखवू नये या सूचनेचा त्याच्यावर पगडा होता, की सहकाऱ्यांच्या हाती शस्त्रे देण्याची त्यास भीती होती, याविषयी त्याचे मित्र एक सांगतात व शत्रू दुसरे. दरम्यान एक लहानशी घटना घडली, ती जॉर्ज पर्सी या वसाहतकाराने टिपून ठेवली आहे. एका गृहस्थाने आपली ढाल झाडास टेकवून एका रहिवाशास तीवर बाण मारण्यास सांगितले. पिस्तुलाची गोळी ज्या ढालीतून जात नसे, तिच्यातून तो बाण फूटभर आरपार गेला. मग पोलादी ढाल ठेवण्यात आली. तीवर मात्र बाणाचे तुकडे झाले. पाहुण्यांना यजमानाचे बळ कळले, आणि यजमानाला पाहुण्यांच्या पोलादाचे.

२६ मे रोजी तारवांचा नायक क्रिस्तोफर न्यूपोर्ट आणि कॅप्टन जॉन स्मिथ हे नदीच्या वरच्या भागाची पाहणी करण्यास गेले असता, सुमारे दोनशे योद्धे या उघड्या छावणीवर चालून आले. वसाहतकार पेरणीच्या कामात होते आणि बंदुका पेट्यांत बांधलेल्या होत्या. एक मुलगा ठार झाला, दहाहून अधिक माणसे जखमी झाली, आणि खुद्द अध्यक्षांच्या दाढीतून एक बाण निघून गेला. गलबतावरील तोफेने एका झाडाची फांदी तोडून खाली आणली, तिच्या आवाजाने हल्लेखोर मागे हटले, म्हणून वसाहत वाचली. दुसऱ्या दिवशी न्यूपोर्ट परतला, आणि फांद्यांच्या कुंपणाचा काळ संपला. झाडे तोडणे, ओंडके वाहणे, चर खणणे या कामाला सगळे हात लागले. १५ जून रोजी कोट पुरा झाला असे पर्सी लिहितो. म्हणजे तीन आठवड्यांच्याही आत, उन्हाळ्याच्या तापात, अपुऱ्या अन्नावर आणि दर तिसऱ्या रात्री उघड्या जमिनीवर पहारा करून, या माणसांनी तो उभा केला. त्यांच्या पुढील चुका सांगताना हे श्रम विसरणे अन्यायाचे होईल.

हा कोट आकाराने त्रिकोणी होता. १६१० साली तेथे आलेल्या विल्यम स्ट्रेचीने त्याची मापे दिली आहेत: नदीकडील दक्षिण बाजू १४० वार, आणि पूर्व व पश्चिम या दोन्ही बाजू प्रत्येकी १०० वार, म्हणजे फुटांत अनुक्रमे ४२० व ३००. सगळी जागा सुमारे अर्धा एकर होती असेही तो म्हणतो. येथे वाचकांनी थोडे गणित केल्यास गंमत दिसेल. या मापांच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ पंचेचाळीस हजार चौरस फुटांच्या आसपास येते, म्हणजे एक एकराहून किंचित अधिक. स्ट्रेचीची लांबी व त्याचे क्षेत्रफळ एकमेकांशी जुळत नाहीत. यांपैकी कोणते खरे, याचा निकाल पुढे जवळजवळ चारशे वर्षांनी मातीने दिला. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

तट दगडाचा नव्हता, विटांचाही नव्हता. आपल्याकडे ज्यास मेढेकोट म्हणतात, तशाच जातीची ही रचना होती. अरुंद चर खणून त्यात ओंडके व चिरलेले खांब एकमेकांना चिकटवून उभे करावयाचे आणि भोवती माती ठासावयाची. तिन्ही कोपऱ्यांवर अर्धचंद्राकार बुरूज पुढे काढले होते आणि त्यांवर प्रारंभी चार-पाच तोफा चढविल्या होत्या. कोपऱ्यांवरच बुरूज का, हे दुर्गरचनेच्या जाणकारांस सांगावयास नको. सरळ तटाच्या पायथ्याशी येऊन भिडलेला शत्रू तटावरील माणसास दिसत नाही. परंतु तटाच्या रेषेपुढे आलेल्या बुरुजावरून तटाच्या बाहेरील अंगाने मारा करता येतो. त्रिकोणास कोपरे तीनच, म्हणून बुरूजही तीनच लागतात. माणसे थोडी, वेळ थोडा आणि तोफा थोड्या असताना हा आकार काटकसरीचा होता. मुख्य दरवाजा नदीकडे होता. शिवाय प्रत्येक बुरुजापाशी एकेक दरवाजा होता, आणि प्रत्येक दरवाजावर व मधल्या चौकात तोफ ठेवलेली असे.

नदीकडील बाजू सर्वांत लांब ठेवण्याचे कारण स्ट्रेची जमिनीचा उतार हे देतो. परंतु त्या काळच्या इंग्रजाच्या मनात काय होते ते ओळखणे अवघड नाही. बेचाळीस वर्षांपूर्वी, १५६५ साली, फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरील फ्रेंचांचा फोर्ट कॅरोलिन हा कोट स्पॅनिश सैन्याने एका पहाटे घेतला आणि आतील बहुतेक पुरुषांची कत्तल केली. तो कोटही त्रिकोणीच होता. त्याच वर्षी वसलेले स्पॅनिशांचे सेंट ऑगस्टिन दक्षिणेस नांदत होते. जेम्सटाउनच्या तोफा नदीवर रोखलेल्या होत्या त्या स्पॅनिश आरमाराची वाट पाहत. हे भय पोकळ नव्हते. लंडनमधील स्पॅनिश वकील पेद्रो दे झुन्यिगा याने १६०८ साली आपल्या राजाकडे व्हर्जिनियाचा एक नकाशा गुपचूप पाठविला, आणि त्यात या त्रिकोणी कोटाची बुरुजांसह लहानशी आकृती आहे. ज्या शत्रूसाठी कोट बांधला, त्याच्या हाती कोटाचे चित्र वर्षभरातच पडले होते. तरी ते आरमार आलेच नाही. हेर आले, पत्रे गेली, माद्रिदमध्ये विचार झाला, पण कोटावर तोफ डागली गेली नाही.

तटाच्या आत तिन्ही बाजूंना, मेढींपासून ठराविक अंतर सोडून, घरांची एकेक रांग होती. मध्ये बाजाराचा चौक, कोठार, पहारेकऱ्यांची देवडी आणि एक लाकडी चर्च. चर्चची लांबी साठ फूट व रुंदी चोवीस फूट असल्याची नोंद आहे. एवढ्याशा जागेत शंभर-दोनशे माणसांच्या मानाने चर्च मोठेच म्हणावयाचे. परंतु ज्यांस रोज प्रेते पुरावी लागत, त्यांस ते मोठे वाटले नसावे.

कारण मरण पहिल्याच उन्हाळ्यात आले. ते तटावर चढून आले नाही. पाण्याच्या घोटाबरोबर आले. गलबते परत गेली आणि ऑगस्टपासून पर्सीच्या रोजनिशीत एकामागून एक मृत्यूच्या नोंदी दिसू लागतात. पिण्यास नदीचेच पाणी होते. भरतीच्या वेळी ते खारट, ओहोटीच्या वेळी गाळाने व घाणीने भरलेले. नदीचा हा भाग असा की उन्हाळ्यात प्रवाह मंदावला म्हणजे समुद्राचे खारे पाणी येथवर येऊन थबकते, आणि त्याबरोबर वस्तीची घाणही तेथेच घोटाळत राहते. हगवण, विषमज्वर आणि खाऱ्या पाण्याची बाधा यांनी माणसे मेली असावीत, असे अलीकडील संशोधक मानतात. जानेवारी १६०८ मध्ये न्यूपोर्ट नवी माणसे घेऊन परतला तेव्हा १०४ पैकी ३८ जिवंत होते. काही थोड्यांस बाणांनी मारले होते. बाकीच्यांस कोटाच्या जागेने मारले. खोल पाणी काठाशी आहे म्हणून जी जागा घेतली, तेच पाणी मारेकरी निघाले. कोटात गोड्या पाण्याची विहीर खणली गेली ती १६०९ च्या सुमारास, दोन वर्षांनी. त्याहूनही नंतर नियम झाले: विहिरीपासून वीस फुटांच्या आत भांडी घासू नयेत, मेढींपासून चाळीस फुटांच्या आत मळके कपडे धुऊ नयेत, आणि शौचास कोटापासून पाव मैल तरी दूर जावे. कोणत्याही बुरुजाने वाचविले नसतील इतके प्राण या नियमांनी वाचविले असते. पण ते नियम फार उशिरा आले.

दुसरा शत्रू अग्नी. ७ जानेवारी १६०८ रोजी लागलेल्या आगीत कोटातील जवळजवळ सर्व घरे, सामान आणि मेढींचाही भाग जळाला. लाकडाच्या तटात गवताने शाकारलेली घरे दाटीने उभी केली म्हणजे हे व्हावयाचेच. कोट पुन्हा उभा राहिला. त्याच वर्षी जॉन स्मिथ अध्यक्ष झाल्यावर तो वाढवून पंचकोनी करण्यात आला. १६०९ च्या शरदात स्मिथ दारूच्या स्फोटाने भाजून इंग्लंडला परतला, तेव्हा आपण मागे चोवीस तोफा व तीनशे बंदुका ठेवून आलो असे त्याने लिहिले आहे. अशा रीतीने दोन वर्षांत कोट मोठा झाला, तोफा पाचपट झाल्या. आणि नेमका याच वेळी तो सर्वांत दुर्बळ होता.

ही दुर्बलता समजण्यासाठी मेढींच्या बाहेर पाहिले पाहिजे. भोवतालच्या मुलखावर पॉव्हाटन या सार्वभौम राजाची सत्ता होती. तीसच्या आसपास जमाती त्यास मानत. त्यांची मक्याची शेते, मासेमारी आणि अरण्यातील वाटा यांच्या जाळ्यात हा कोट एखाद्या खिळ्यासारखा ठोकलेला होता. पहिल्या दोन वर्षांत वसाहत जगली ती बहुतांशी या लोकांच्या मक्यावर, मग तो कधी तांब्याच्या व मण्यांच्या बदल्यात मिळालेला असो, कधी भेट म्हणून आलेला असो, की कधी बंदुकीच्या धाकाने घेतलेला असो. संरक्षणाचा सर्वांत शहाणपणाचा सल्लाही बाहेरच्यानेच दिला होता. कोटाभोवती माजलेल्या उंच गवतात दडून तिरंदाज माणसे टिपत. एक गृहस्थ तर सहा बाण अंगात घेऊन धावत आत आला व पुढे आठवड्याभरात मेला. तेव्हा एका मित्रभावाने आलेल्या रहिवाशाने सांगितले की, हे गवत आधी कापून टाका. कोट बांधणाऱ्या कप्तानांस हे सुचले नव्हते.

परंतु मका देणाऱ्यांपाशीही मका उरेना. त्या प्रदेशातील जुन्या सायप्रस वृक्षांची वर्तुळे मोजून १९९८ साली संशोधकांनी दाखविले की, १६०६ ते १६१२ ही सात वर्षे गेल्या ७७० वर्षांतील सर्वांत कोरडी सात वर्षे होती. दुष्काळात दाणा मागणारा पाहुणा फार दिवस पाहुणा राहत नाही. तशात इंग्लंडहून शेकडो नवी तोंडे आली, गावे जाळून धान्य नेण्याचे प्रकार वाढले, आणि १६०९ च्या हिवाळ्याच्या आरंभी पॉव्हाटनने कोटाची कोंडी केली. त्याने तटावर हल्ला केला नाही. तोफेच्या टप्प्यात आपली माणसे घालण्याचे त्यास काही कारण नव्हते. मेढींच्या बाहेर जो येईल तो परत जाऊ नये, एवढीच व्यवस्था त्याने केली. आतील माणसांनी जो तट आपल्या रक्षणासाठी बांधला, तोच त्याने त्यांचा तुरुंग केला.

इंग्रजांच्या इतिहासात हा हिवाळा उपासमारीचा काळ म्हणून ओळखला जातो. घोडे खाऊन झाले, कुत्री-मांजरे, उंदीर, साप, शेवटी जोड्यांचे कातडे. त्यापुढे काय घडले ते पर्सीने लिहून ठेवले होते. तथापि त्यावर कित्येकांचा विश्वास बसत नसे. २०१२ साली कोटातील एका तळघराच्या कचऱ्यात सुमारे चौदा वर्षांच्या एका इंग्रज मुलीची कवटी सापडली आणि तिच्यावरील सुरीच्या खुणांनी तो संशय मिटविला. त्या मुलीचे नाव कोणास ठाऊक नाही. कोटाच्या इतिहासात सेनापतींची नावे पुष्कळ आहेत. पण कोटाचा खरा हिशेब त्या मुलीपाशी येऊन थांबतो, असे आम्हांस वाटते. हिवाळ्याच्या तोंडाशी कोटात दोनशेंहून अधिक माणसे होती. वसंतात साठ उरली. आणि त्याच हिवाळ्यात नदीच्या मुखाशी समुद्रालगत बांधलेल्या दुसऱ्या एका लहान इंग्रज ठाण्यात माणसे खेकडे खाऊन धडधाकट होती. पर्सी तेथे पोहोचला तेव्हा त्यास दिसले की, तेथे उरलेले खेकडे डुकरांना घातले जात होते. शत्रूपासून लपण्यासाठी नदीत आत शिरलेला कोट उपाशी, आणि समुद्रावर उघडा बसलेला तृप्त!

मे १६१० मध्ये सर टॉमस गेट्स बर्म्यूडाहून आला, त्याच्याबरोबर आमचा स्ट्रेची होता. त्यांना काय दिसले? मेढी उपटलेल्या, दरवाजे बिजागऱ्यांवरून निखळलेले, ओसाड घरे मोडून चुलीत घातलेली. सरपणाने भरलेले अरण्य दगडाच्या टप्प्यावर होते; परंतु तेथवर जाण्याचे धैर्य नव्हते, म्हणून माणसांनी आपला कोटच जाळून शेकोटी केली होती. तटबंदीच्या इतिहासात याहून बोलका प्रसंग आम्हांस आठवत नाही. बाहेरच्या भीतीने तट बांधला, आणि शेवटी बाहेरच्या भीतीनेच तो जाळला.

७ जून रोजी उरलेली माणसे कोट सोडून गलबतांत बसली. दुसऱ्याच दिवशी ती परत आली, कारण नदीतच त्यांना लॉर्ड डी ला वॉर याच्या कुमकेची वर्दी मिळाली. वसाहत वाचली. कशी वाचली, हेही सांगितले पाहिजे. ऑगस्ट १६१० मध्ये पर्सीने पास्पाहेगांच्या गावावर छापा घातला, घरे व उभी मक्याची शेते जाळली, आणि त्यांच्या प्रमुखाची राणी व मुले धरून आणली. मुलांना पाण्यात फेकून गोळ्या घातल्या गेल्या. राणीला नंतर तलवारीने मारले. हे पर्सीनेच लिहून ठेवले आहे. ज्यांच्या जमिनीवर कोट उभा होता ती जमात थोड्याच काळात नाहीशी झाली. पुढे तंबाखूच्या पिकाने वसाहत पसरली, मेढींच्या आत मावेनाशी झाली, आणि कोटाची गरज उरली नाही. बाहेरचा मुलूखच आपला केल्यावर तट कोणासाठी राखावयाचा?

या कथेचा एक धागा आमच्या किनाऱ्यापर्यंत येतो. व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार सर टॉमस स्मिथ हा ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. लंडनच्या त्याच पेढ्यांतून दोन्हीकडे पैसा जात होता. आणि जेम्सटाउनचे पहिले वसाहतकार ज्याने नेले तो क्रिस्तोफर न्यूपोर्टच १६१५ साली सर टॉमस रो या वकिलास आपल्या जहाजावरून सुरतेस घेऊन आला. जहांगीर बादशहाच्या दरबारी राहिलेल्या या रोने १६१६ साली आपल्या कंपनीस लिहिले की, व्यापार करणाराने किल्ले व जमिनीवरील लढाया यांच्या नादी लागू नये; फायदा हवा असेल तर तो समुद्रावर व शांततेच्या व्यापारात शोधावा. त्याच्यापुढे उदाहरण पोर्तुगीज व डच यांचे होते. पण ज्या नाविकाने त्यास आणले त्यानेच त्या त्रिकोणी मेढेकोटाचा जन्म पाहिला होता. पुढील इतिहास सांगतो की कंपनीने हा सल्ला फार काळ पाळला नाही. १६४० साली मद्रासेस किल्ला उठू लागला, आणि १६६८ साली मुंबईचा कोट तिच्या हाती आला.

आता मातीचा निकाल. कोट कुजून गेला, राजधानी १६९९ साली विल्यम्सबर्गला गेली, आणि भूशिराचा काठ नदी खात राहिली. दोन शतके सर्वांची समजूत अशी की कोटाची जागाच पाण्यात गेली. १९०१ च्या सुमारास काठास दगडी बांध घातला गेला. परंतु त्यापूर्वीच सर्व गेले असे मानीत. १९९४ साली विल्यम केल्सो या पुरातत्त्वज्ञाने काठावर खणण्यास आरंभ केला. त्यास लाकूड सापडले नाही, सापडावयाचेही नव्हते. सापडले ते पिवळ्या मातीत एका रेषेत पडलेले काळसर गोल डाग. ओंडके कुजले, पण त्यांच्या जागी भरलेली माती निराळ्या रंगाची राहिली. त्या डागांच्या मागोमाग जाता दक्षिणेचा तट मिळाला, बुरुजाचे वळण मिळाले, मग दुसरी बाजू. आणि १९९६ साली कोट सापडल्याचे जाहीर झाले. त्याचा एक कोपरा तेवढा नदीने नेला होता. बाजू स्ट्रेचीच्या मापांशी जुळल्या. क्षेत्रफळ मात्र अर्धा एकर नव्हे, एक एकराहून थोडे अधिक भरले. स्ट्रेचीने वार बरोबर मोजले होते, गुणाकारात तो चुकला होता. २०१० मध्ये चर्चचे खांबही अशाच डागांतून उमटले: चौसष्ट फूट लांब, चोवीस फूट रुंद.

कोटाचा जुना शत्रू मात्र अद्याप हटलेला नाही. चढती समुद्रपातळी, वादळे आणि पूर यांमुळे २०२२ साली जेम्सटाउनचे नाव अमेरिकेतील धोक्यात आलेल्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत घातले गेले. ज्याच्यासाठी तोफा मांडल्या ते स्पॅनिश आरमार चारशे वर्षांत आले नाही; ज्याचा विचार केला नाही ते पाणी पहिल्या उन्हाळ्यापासून दाराशी उभे आहे. केल्सोला सापडलेल्या त्या काळ्या डागांकडे पाहताना आम्हांस वाटते की, कोणताही तट बांधण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले पाहिजेत: आत काय नाही, आणि बाहेर कोण आहे. जेम्सटाउनच्या माणसांनी तिसराच प्रश्न विचारला, शत्रू कोठून येईल. आणि त्याचे उत्तर त्यांनी मोठ्या मेहनतीने, तीन आठवड्यांच्या आत, लाकडात लिहून काढले.